आठच्या जागी सोळा

निपाणीचा योगीराज बारा वर्षं बंगळुरूच्या कोरमंगलात लॅपटॉप दुरुस्त करतोय. एका दुपारी कावेरीअक्का आपला जुना लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचं सगळं लॅपटॉप त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, आणि त्याच्या भरवशावर त्या घरबसल्या टायपिंगची कामं करतात.

"हल्ली फार अडखळतो," त्या म्हणाल्या. "माझं वाक्य संपतं, तेव्हा हा पहिला शब्द म्हणतो. पण नवा नको. याच्यावर माझी बोटं बसलीत."

योगीराजने उघडून पाहिलं. आत मेमरीची, म्हणजे रॅमची, आठ जीबीची पट्टी होती आणि कंपनीने मर्यादाही आठचीच लिहिली होती.

"अक्का, हा बनला तेव्हा मोठी पट्टी बाजारात आलीच नव्हती. सोळाची लावून बघू. चालेलच असं सांगत नाही. नाही चालली तर जुनी परत बसवतो."

"सरी, चालेल. पण मी बसवू का, अण्णा? रोज हात याच्यावरच असतो, आतून कधी बघितला नाही."

असं कुणी गिऱ्हाईक आजवर म्हणालं नव्हतं. त्याने बॅटरी सोडवली, जुनी पट्टी काढली, नवी त्यांच्या हातात दिली आणि ती बसवायची खाच त्यांच्या बोटाखाली आणली. त्यांनी खाच चाचपली, पट्टी तिरकी सरकवली आणि हलकेच दाबली. खट्कन बसली.

लॅपटॉप सुरू केला, पण पडदा काळाच. योगीराजने जुनी पट्टी हातात घेतली. मिनिटभराने पडदा उजळला आणि सोळाचा आकडा दिसला.

कावेरीअक्कांनी आपलं नाव टाइप केलं. बोट पडताच अक्षर ऐकू आलं. त्यांनी पुन्हा केलं, आणखी भरभर.

योगीराजने उठून पंखा बंद केला, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.