साडूंचं गरम-थंड मशीन

सुरतेत वाळवंट आहे, यावर ठाम विश्वास असलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि नशीब असं की तो माझाच साडू निघाला. तापी उशाला, हवेत दमटपणा एवढा की बरणीतलं मीठ चमच्याला सोडत नाही, पावसाळ्यात लिंबायतचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा बोगदा, भरला की सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जावं लागतं, आणि हे गृहस्थ गोडादऱ्यातल्या आपल्या गल्लीत उभे राहून, कपाळावर हात आडवा धरून आभाळाकडे बघत म्हणायचे, "साडूभाऊ, आज वाळू उठणार." वाळू काही कधी उठली नाही. उठायचा तो आमच्या लूमच्या कारखान्यांतला तंतू. तो केसांत बसायचा, चहाच्या कपात उतरायचा, वाळत घातलेल्या पापडावर चिकटायचा. पण त्याला तंतू म्हणतील तर ते आमचे साडू कसले. बोटाच्या टोकावर घेऊन, उजेडात धरून ते निकाल द्यायचे, "बारीक वाळू आहे. तिकडची जरा जाड असते."

'तिकडे' म्हणजे अरबांच्या मुलखात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आधी माझ्यासारखेच लूमवर होते. मग कोणाच्या तरी ओळखीने तिकडे गेले, बरीच वर्षं राहिले आणि नव्वदच्या आसपास परत आले. लोक येताना सोनं आणतात, टेपरेकॉर्डर आणतात, निदान अत्तराच्या बाटल्या तरी आणतात. यांनी आणलं मशीन. एका माणसाला उचलणार नाही असं, भिंतीला भोक पाडून बसवायचं. अर्धं घरात, अर्धं गल्लीत. साधा एसीसुद्धा नव्हे. बटण एकीकडे फिरवलं की खोलीत गार हवा आणि दुसरीकडे फिरवलं की तेच यंत्र उलटं काम करून गरम हवा टाकणार. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सुरतेत गरम हवा घेऊन काय करायचं, साडूभाऊ?" ते म्हणाले, "हिवाळ्याला." मी म्हटलं, "कोणत्या?" त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेने पाहिलं की माझ्या बायकोने तिथेच मला गप्प राहायची खूण केली. तिच्या माहेरी ते इंजिनिअर म्हणून ओळखले जात. बंगलेच्या बंगले आपल्या हाताखाली थंड व्हायचे, असं ते स्वतःच सांगत, त्यामुळे शंका घ्यायची सोय नव्हती.

या मशीनची जेवढी निगा त्यांनी राखली, तेवढी कोणी सासऱ्याची राखत नाही. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून इथेही मशीनची आंघोळ शुक्रवारी. आतली जाळी काढायची, साबणाच्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायची. उन्हात ठेवलेली दिसली तर ते वहिनींशी, म्हणजे आपल्या बायकोशी, संध्याकाळपर्यंत बोलत नसत. बाहेरच्या अंगाला पत्र्याच्या नाजूक पात्या असतात, त्या वाकल्या की ते कंगव्याने विंचरायचे. कंगवा अर्थातच वहिनींचा. वहिनींनी शेवटी स्वतःचा कंगवा पिठाच्या डब्यात लपवायला सुरुवात केली. बाहेरच्या अंगावर ऊन पडू नये म्हणून फळ्यांचा मांडव, मांडवावर गोणपाट, आणि त्यावर दिवसभर पाण्याचे हबके. गल्लीत नळाला पाणी येतं जेमतेम, बायका हंड्यांवरून भांडतात, आणि हा माणूस गोणपाटाला पाणी पाजतोय. त्या खोलीत उदबत्ती बंद, कारण धूर जाळीत बसतो. देवसुद्धा स्वयंपाकघरात हलवले होते. शेजारच्या गुजराती बाईने एकदा ओट्यावर गादी झटकली, तर तिला त्यांनी वाळूच्या वादळावर असं व्याख्यान दिलं की बिचारी पुढे गादी झटकायला मागच्या गल्लीत जाऊ लागली.

आणि एवढं सगळं करून ते मशीन चालू किती वेळा केलं? एकदाही नाही. वैशाखात अंगातून धारा लागलेल्या, बाहेरचा वारासुद्धा ऊन लागल्यासारखा, आणि हे मशीनशेजारी घामाने निथळत बसलेले. लावा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "हे काय ऊन आहे? खरा उन्हाळा अजून यायचाय." तो खरा उन्हाळा दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचा. चालवलं की झिजतं, हे दुसरं उत्तर. पण कहर होता तो दाराचा. त्या खोलीत कोणी पाऊल टाकलं की आतून हुकूम यायचा, "दार लावा, गारवा जातो." मशीन बंद. पंखा बंद, कारण पंख्याने वाळू उडते. खिडकी तर भोक पाडताना कायमचीच बुजवलेली. आणि आम्ही चार माणसं त्या कोंडवाड्यात बसून नसलेला गारवा राखतोय. मी घरी येताना रस्ताभर बायकोला बोलून घ्यायचो. ती म्हणायची, "तुमचं काय जातं?" माझं डोकं जायचं, दुसरं काय.

अशा माणसाच्या दारात मला माझ्या मुलीसाठी जावं लागलं, हे माझ्या कपाळी लिहिलेलं होतं. संगीता, माझी एकुलती एक. लग्नाची झाली होती. लिंबायतला आमची पत्र्याची खोली, भिंतीपलीकडे लूम. तिला बघायला पाहुणे आले की दुपारच्या पत्र्याखाली अर्ध्या तासात त्यांचे चेहरे लाल, आणि खटखटाटात मुलीचं नावसुद्धा तीनदा विचारायची पाळी. निघताना "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. तसं दोनदा झाल्यावर संगीता म्हणाली, "आता हा बमरोलीचा मुलगा शेवटचा. मी काही दरवेळी पावडर लावून घाम गाळत बसणार नाही." मुलगा चांगला होता, डाईंगच्या मिलमध्ये कायम. माझ्या बायकोने परस्पर बहिणीकडे निरोप पाठवला आणि साडू लिंबायतला स्वतः आले. "साडूभाऊ, पोरीला माझ्याकडे दाखवा. मशीन लावतो," म्हणाले. त्यांना मूलबाळ नव्हतं, संगीतावर जीव होता, हे मला मान्य आहे. पण 'मशीन लावतो' हे त्यांनी असं म्हटलं, की जणू एक मूत्रपिंड काढून देतायत.

दोन दिवस तयारी. जाळी दोनदा धुतली, पात्या विंचरल्या, गोणपाट नवं. पाहुण्यांच्या दिवशी दुपारीच त्यांनी मशीन सुरू केलं, बाहेर आले आणि दाराला कुलूप घातलं. मी म्हटलं, "एकदा बघून तरी घ्या." "गारवा साठू द्या," ते म्हणाले. "दार उघडलं की संपलं." त्या उकाड्यात सफारी सूट घालून, किल्ली खिशात टाकून ते ओट्यावर राखण करत बसले. आत मशीन घुमत होतं. आम्ही बाहेर तो आवाज ऐकून गार होत होतो.

चार वाजता मुलगा आणि त्याचे आईवडील आले. साडूंनी कुलूप काढलं, दार उघडलं, सगळ्यांना लगबगीने आत घेतलं आणि दार लावून घेतलं. आत भट्टी पेटलेली. मी एक श्वास घेतला आणि माझा घसा कोरडा पडला. मशीन गरम हवा टाकत होतं, मोठ्या इमानाने, दुपारपासून. पण आता गंमत बघा. पाहुणे आयुष्यात कधी एसीत बसलेले नव्हते, आणि आल्या आल्या साडूंनी त्यांना सांगितलं होतं की हे परदेशी मशीन आहे, जरा जपून बसा, सवय नसली तर हुडहुडी भरते. मुलाच्या वडिलांनी खांद्यावरच्या उपरण्याने मान पुसली आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "भलतं गार शे." मुलाच्या आईने तर पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. मुलाला मानाची जागा म्हणून थेट मशीनसमोर बसवलेलं. त्याचा शर्ट बघता बघता अंगाला चिकटला. "कसं वाटतंय?" साडूंनी विचारलं. "छान आहे," तो म्हणाला. "आणखी वाढवू?" तिघे एकदम म्हणाले, "नको नको, पुष्कळ आहे." मला सगळं कळत होतं. पण मुलीचा बाप काय बोलणार? मीही म्हटलं, "आम्हालासुद्धा इथे आलं की बरं वाटतं."

तेवढ्यात संगीता सरबताचा ट्रे घेऊन आली. अशा वेळी मुलीने खाली बघायचं, विचारलं तर नाव सांगायचं. ती दारात थबकली. एकदा मशीनकडे बघितलं, एकदा त्या भिजलेल्या मुलाकडे, आणि सरळ म्हणाली, "मावसा, हे गरम फेकतंय. बंद करा ना, पाहुणे भाजून निघाले." ट्रे खाली ठेवून तिने दार सताड उघडलं. गेलं हेही स्थळ, मी मनात म्हटलं, आता पोर कायमची घरी. मग मुलाच्या आईने पदर खाली सोडला, वाऱ्याला दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माय वं, पोर बोलनी तवय माना जीवमा जीव उना." वडील म्हणाले, आमच्या डाईंगमध्येसुद्धा एवढं तापत नाही. मुलगा हसायला लागला तो थांबेना, आणि संगीतालाही हसू आवरेना. खुर्च्या ओट्यावर निघाल्या, सरबत तिथेच झालं, आणि सुपारी फोडायचं बोलणंही तिथेच झालं. मुलाच्या आईचं म्हणणं एकच होतं: त्यांच्या घरात सगळेच 'छान आहे' म्हणणारे, एक तरी खरं बोलणारी हवी.

साडू बाहेर आले नाहीत. ते मशीनसमोर उभे होते, सफारीची पाठ काळी झालेली, हात त्या गरम हवेत धरलेला. "हिवाळ्याच्या बाजूला अडकलंय," एवढंच म्हणाले. पुढे रिंग रोडवरचा एक मिस्त्री येऊन बघून गेला. याचा भाग इकडे मिळत नाही, म्हणाला. म्हणजे झालं असं, की अख्ख्या सुरतेत फक्त गरम हवा देणारं मशीन असलेले गृहस्थ माझे साडू. दुसरा कोणी असता तर भंगारात घालून मोकळा झाला असता. यांचा शुक्रवार काही चुकला नाही. उलट लग्नात, मांडवात, ओळख नसलेल्या माणसांनासुद्धा ते थांबवून सांगत होते, "हे लग्न आमच्या मशीनने जमवलं." माझ्या मुलीचं लग्न, खर्च माझा, आणि जमवलं मशीनने.

पुढच्या वर्षी संगीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती ऐन आषाढात. माझा पत्रा तीन ठिकाणी गळत होता. ओल्या खोलीत बाळ नको, म्हणून वहिनी तिला गोडादऱ्याला घेऊन गेल्या, मुलगी झाली, आणि नातीला बघायला मला साडूंच्या दारात जाणं आलं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. घरभर ओली दुपटी, ओले लंगोट, सगळ्याला कुबट वास. एके दिवशी मी गेलो तर मशीनच्या खोलीचं दार बंद आणि आत मशीन घुमतंय. ढकलून बघतो तर भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोटांच्या रांगा, आणि साडू बनियनवर, घामाने डबडबलेले, स्टुलावर बसून एकेक लंगोट उलटा करतायत. वाळला की गालाला लावून बघत आणि घडी करत. जे मशीन झिजेल म्हणून कधी लावलं नाही, ते माझ्या नातीच्या लंगोटांसाठी सकाळपासून चालू.

मी म्हटलं, "बाहेर बसा की, साडूभाऊ. उकडून मराल." ते म्हणाले, "मला सवय आहे." मग हातातली घडी बघत बघतच म्हणाले, "तिकडे मी बाहेरच असायचो. गोणपाट भिजवायचं, वाळू झाडायची, पात्या विंचरायच्या. जाळी धुवायला नोकर खिडकीतून बाहेर द्यायचा. आतल्या बाजूचा माणूस वेगळा होता. मशीन बाहेरच्या अंगाला कायम गरमच असतं, साडूभाऊ. मला तेवढीच बाजू माहीत." एवढी वर्षं इंजिनिअर म्हणून मिरवलेला माणूस हे मला सांगत होता, तेही लंगोटाची घडी करत. मला त्यांचं वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि आता या माणसाला मनासारखी नावं ठेवता येणार नाहीत याचा रागही आला. मी दुसरं स्टूल ओढलं आणि दुसऱ्या दोरीवरचे लंगोट उलटे करायला लागलो.

गणपतीनंतर बमरोलीची मंडळी आली आणि संगीताला आणि बाळाला घेऊन गेली. मग एका शुक्रवारी मी उगाच गोडादऱ्याला गेलो. जाळी सावलीत वाळत होती, गोणपाट ओलं होतं. मशीनच्या खोलीत साडू स्टुलावर बसलेले, मशीन बंद, पण दोऱ्या तशाच बांधलेल्या, चिमट्यांसकट. मी म्हटलं, "आता या कशाला ठेवल्या?" ते म्हणाले, "असू द्या. पोरगी यायची पुन्हा." वर्ष-दोन वर्षं तरी ती येणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी दोरीखालून वाकून आत गेलो, तर मागून आवाज आला, "साडूभाऊ, दार लावा. ऊब जाते."

मी दार लावलं.