उलट्या इंजिनाची होडी

जयपूरच्या सोडाला भागातल्या उत्तमराव सबनिसांना लोक वेडे म्हणत, आणि लोकांचं फारसं चुकत नव्हतं. ज्या जयपुरात बायका पाण्यासाठी नळावर भांडतात, तिथे हा विमा कचेरीतला गृहस्थ पेट्रोलवर चालणारी हातभर होडी करत बसला होता! बरं, इंजिन तरी आयतं आणावं? छे! तेही घरीच, मागच्या खोलीतल्या धातू कापायच्या छोट्या लेथवर. वडील अकाली गेले, इंजिनिअरिंग अर्ध्यावर सुटलं, फायली नशिबी आल्या. पण हातांची खाज काही जाईना.

गाडं अडलं होतं कॅमशाफ्टपाशी. कॅमशाफ्ट म्हणजे बोटाएवढी पोलादी दांडी, तिच्यावर दोन उंचवटे. दांडी फिरली की एक उंचवटा पेट्रोलची वाफ आत घेणारी झडप उघडतो, दुसरा धूर बाहेर सोडणारी. दोन दांड्या बिघडल्या होत्या. तिसरी लेथवर कापून, कानशीनं घासून त्यांनी बसवली, तोच नागपूरला बदलीचा हुकूम आला.

"अहो, तिथे दोनच खोल्या आहेत," विनयाबाईंनी नवऱ्याला बजावलं. "निघायच्या आत होडी चालली, तर लेथ येईल. नाहीतर कोपऱ्यावरच्या नंदकिशोरजींना देऊन टाका. त्यांच्या पंपदुरुस्तीच्या कामाला तरी येईल."

उत्तमरावांना पुढचं दिसू लागलं. लेथ गेला की उरलेला जन्म सह्या करण्यात जाणार!

रोज सकाळी ते इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळून ओढत. इंजिन ढिम्म. नाचता येईना अंगण वाकडं, तसा त्यांनी आधी पेट्रोलला दोष दिला, मग प्लगला. निघायच्या आदल्या दिवशी चाकानं उलटा झटका देऊन दोरी हातातून हिसकावली आणि फट्‌फट्‌ करत इंजिन चालू झालं!

"चाललं!" विनयाबाई धावत आल्या.

उत्तमराव मात्र कपाळाला हात लावून बसले. "उलटं चाललंय. दांडी फिरवणारी दातेरी चाकं एकमेकांत अडकली की दुसरं उलटं फिरतं, हे शेंबडं पोरही जाणतं. मी विसरलो आणि उंचवटे उलट्या क्रमानं कापले. होडी मागे जाईल आता. नवीन दांडीला महिना लागेल."

"मग होडीला ढकलणारा तो पाण्यातला पंखा उलटा बसवा."

"अगं, पंखा उलटा बसवून काय होतंय? पाती त्याच पिळाची..." ते बोलता बोलता थांबले. "पातीच उलटी पिळली तर?"

पितळी पाती त्यांनी तापवून मऊ केली आणि पकडीनं उलट्या बाजूला पिळली. एकही पातं तुटलं नाही.

संध्याकाळी जलमहालाच्या तलावात होडी सोडली. ती नाक वर करून सरळ पुढे धावली! पाणी पाहायला आलेली मंडळी ओरडू लागली. उत्तमरावांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

घरी परतले तर विनयाबाईंनी आधीच सांगून ठेवलेले नंदकिशोरजी लेथ न्यायला हातगाडी घेऊन दारात उभे.

"माफ करना भैयाजी, लेथ हमारे साथ जाएगा," विनयाबाई पदर खोचत म्हणाल्या. "चाहिए तो हमारा कपाट ले जाइए."

"अगं, कपाट? मग तुझ्या साड्या कुठे ठेवायच्या?" उत्तमराव गांगरले.

"ट्रंकेत. आणि ऐका, नागपूरला पुढची दांडी मी कापणार. तुम्ही शेजारी बसून शिकवायचं."