महाजंत

लेकीला जंताचं औषध पाजताना संत्र्याच्या गोळीसारखा वास आला आणि मी थेट मीरा रोडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्याच्या दुपारी जाऊन पोचलो. खिडकीतून मिठागरांचा खारट वारा येत होता आणि उलट्या टाकलेल्या कॅरमभोवती आम्ही चौघं बसलो होतो. समोरच्या ब्लॉकमधल्या गुजराती मुलीला तिच्या मामाने दुबईहून एक खेळ पाठवला होता. आपण वीर व्हायचं, फासे टाकायचे आणि राक्षसांशी लढायचं. राक्षस कायम तीच व्हायची. त्या दिवशी ती डोंगराएवढी अळी झाली होती, दुसऱ्याच्या मनातलं ऐकणारी. खेळाच्या पुस्तकातल्या ‘वर्म’ या इंग्रजी शब्दाला तिला डिक्शनरीत ‘जंत’ सापडला, म्हणून आम्ही त्या अळीचं नाव महाजंत ठेवलं. माझा फासा एकवर पडला, म्हणजे डाव तिचा. तिने डोळे बारीक केले. “मी महाजंत बोलतेय. तुझ्या मनातलं सगळं ऐकू येतंय मला. बोलू क्या सबको?” माझे कान तापले, कारण माझ्या मनात तीच होती. तेवढ्यात आई चमचा आणि बाटली घेऊन आली. “कोणाला झालेत रे जंत? मघापासून ऐकतेय. चला, आ करा सगळ्यांनी!” औषध वीरांनाही मिळालं, राक्षसालाही मिळालं. हसून हसून महाजंताच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळा सुरू व्हायच्या आत तिच्या घरचे कायमचे बडोद्याला गेले. “बाबा, काय झालं?” लेकीने तोंड वाकडं करत विचारलं. “काही नाही,” मी म्हटलं. मनातलं ऐकू येणारं घरात कोणी नव्हतं.