हात खिशात

वॉर्डात पाऊल टाकलं की कांबळे मॅडमचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "हात खिशात!" आम्ही हुबळीच्या मेडिकल कॉलेजातली नवी पोरं, गळ्यात नवा स्टेथोस्कोप, तो कधी एकदा कुणाच्या छातीला लावतो असं झालेलं. आणि या बाई आम्हाला ॲप्रनच्या खिशात हात घालून पेशंटसमोर नुसतं उभं करायच्या. "मदल नोड. आधी बघ. हात लावलास की बघणं संपतं."

पहिल्याच दिवशी अमरगोळच्या बाजारात मिरच्या निवडणाऱ्या एका म्हातारीच्या कॉटपुढे मी असा उभा राहिलो. काय बघायचं, कळेना. म्हातारीलाच माझी दया आली. "पोरगं घाबरलंय, अक्कार," ती मॅडमना म्हणाली. एवढं बोलताना ती मध्ये दोनदा थांबली. "दिसलं?" मॅडमनी मला विचारलं. दिसलं होतं. तिला एका दमात वाक्य पुरं करता येत नव्हतं.

मॅडमचं संशोधन मात्र आम्हाला अजब वाटायचं. धारवाडबाहेरच्या एका वस्तीतली मुलं जुलाबाने सारखी वॉर्डात यायची. आमच्या शेवटच्या वर्षी मॅडम त्यांचा माग काढत वस्तीजवळच्या तळ्यापाशी पोचल्या. तळ्यात गटार सोडलेलं. मग मुलं आणि तळं, दोघांचाही अभ्यास त्यांनी एकत्रच सुरू केला. गटार गावाबाहेर वळवून घेतलं. आम्ही उत्साहाने टेम्पोभर रोपं नेली, तर सगळी परत पाठवली. "तळ्याचंही तेच. एक पावसाळा काही लावायचं नाही. काय आपणहून येतं ते बघू."

पाणकणीस आलं, पाण्यातली घाण शोषून घेणारं उंच गवत. काठ भरून आलं. पाण्याचा वास गेला, आणि त्या वस्तीतली मुलं वॉर्डात कमी दिसायला लागली. मी अभिनंदन केलं तर मलाच झापलं. "एवढ्यात नाचू नकोस. अजून दोन-तीन पावसाळे बघू दे."

तेवढे मिळाले नाहीत. तळ्याच्या सुशोभीकरणाचं काम निघालं. मॅडमनी ते काम काढणाऱ्या साहेबांच्या केबिनबाहेर बसून दिवस घालवले. "छान दिसेल हो, मॅडम," एवढंच उत्तर मिळालं. काठ खरवडायचं मशीन आलं त्या दिवशी मी सोबत होतो. मॅडम सरळ पुढे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरून हात जोडले. "नम्म कैयाग एन ऐतरी, अक्कार? आमच्या हातात काय आहे?" त्या बाजूला झाल्या. संध्याकाळपर्यंत पाणकणीस मुळासकट काठावर पडलं होतं. जाताना त्या म्हणाल्या, "थोडी मुळं राहतात रे चिखलात. येईल परत."

पुढच्या वर्षी, मी तोवर त्याच वॉर्डात डॉक्टर म्हणून लागलो होतो, आरशात स्वतःचे पिवळे डोळे बघून त्या माझ्याकडे आल्या. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. त्यांनी शिकवलं होतं तसं मी समोर बसून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "तळ्यावरून येतोस ना? पाणकणीस आलं का?"

मग त्या आमच्याच वॉर्डात दाखल झाल्या, आणि रोज सकाळी हाच प्रश्न. मी धारवाडहून येताना गाडी थांबवायचो. दगडी काठ, दिव्यांचे खांब, बाक. "नाही, मॅडम." हो म्हणावं असं फार वाटायचं, पण त्यांच्यासमोर ते जमत नसे.

शेवटच्या सकाळी त्यांनी विचारलंच नाही. श्वास तुटत होता. काहीतरी करायला हवं म्हणून मी सलाइनचा वेग वाढवायला गेलो. डोळे न उघडता त्या पुटपुटल्या, "हात... खिशात." मी हात खिशात घातले आणि बघत उभा राहिलो. मला रडू आवरेना.

त्या वस्तीतली मुलं पुन्हा वॉर्डात येऊ लागली आहेत. मी अजून तळ्यापाशी थांबतो, काठावर अजून दगडच आहेत. विद्यार्थ्यांनाही सांगतो, हात खिशात, आधी बघा. बघून झाल्यावर काय करायचं, हे मॅडमना विचारायचं मात्र राहूनच गेलं.