दिगंबर सरांची सात कार्डं

दुकानासमोर बाकडं टाकलं तेव्हा मला वाटलं होतं, गिऱ्हाईक बसेल. गिऱ्हाईक उभंच राहतं. बसतात ते दोस्त, आणि दोस्त उठून गेले की बाकड्यावर किस्से राहतात. माझं शिवणकामाचं दुकान जिंतूरला आहे. शेजारी रफिकभाईंचं किराणा दुकान. बाकड्यावरचे तिसरे म्हणजे दिगंबर सर, शाळेत गणित शिकवतात. मी चौथी शिकलेला माणूस, बोलतोही कमी. त्यामुळे ऐकलेलं सगळं माझ्याकडंच साचलं. त्यातले सरांच्या कार्डांचे तेवढे सांगतो.

*

एक दिवस सर नवी पॅन्ट घेऊन आले. "मामा, मागचा खिसा जरा मोठा करून द्या."

मी म्हणलं, पाकीट दाखवा. सरांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मी टेप लावला, काढला आणि पुन्हा लावला.

"काय झालं मामा?"

"सर, पाकिटाला खिसा शिवता येतो. विटेला कसा शिवू?"

उघडून बघितलं तर आत सात क्रेडिट कार्डं! सात बँकांची सात!

"येवढी कशाला घेतली?" रफिकभाईंनी विचारलं.

सर ओशाळले. "फोनवरून इतक्या आर्जवानं विचारतात हो. न्हाई म्हणवत न्हाई."

रफिकभाई म्हणाले, "वा! वर्गातलं पोरगं पाणी प्यायला सोडा म्हणतं, त्याला बरं न्हाई म्हणवतं तुमाला!"

*

त्या सातांत एक पेट्रोलचं कार्ड होतं. एका ठरावीक कंपनीच्या पंपावर भरलं तर सूट. त्या कंपनीचा पंप सरांना माहीत होता तो परभणीत. म्हणजे चाळीस किलोमीटर जायचं आणि चाळीस यायचं. सर दर रविवारी मोटारसायकलवर जायचे, टाकी फुल करायचे आणि रुबाबात परत यायचे.

रफिकभाईंनी एकदा सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सौदा चांगला हाय सर. पेट्रोल सस्तं मिळायलंय. फक्त घरी आणण्यात अर्धं सरायलंय!"

*

सरांच्या मिसेस सुनंदाताई. मला मामा म्हणतात, आणि पोटच्या लेकीसारखा जीव लावतात. मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांनी पाटावर दागिने मांडले, पासबुक मांडलं आणि शेजारी सातही कार्डं ओळीनं मांडली. लक्ष्मी हल्ली त्यातूनच येते-जाते, मग त्यांना कशाला वगळायचं? प्रत्येक कार्डाला हळद लावली, वर कुंकवाचं बोट टेकवलं. आणि बोट टेकवायला जागा कोणती सापडली, तर तो चिपचा सोनेरी चौकोन! शोभून दिसत होता म्हणे.

पाडव्याला दोघं साडी घ्यायला गेले. मशीन एकही कार्ड घेईना. सरांनी रुमालानं पुसलं, ताईंनी पदरानं पुसलं. चौकोन लालचा लाल.

दुकानाचे मालक म्हातारे होते. कार्ड उलटसुलट बघून म्हणाले, "बाई, तुमी हळदीकुंकू लावून या लक्ष्मीला घरची केली. आता ती परक्याच्या मशीनीत कशी जाईल?"

*

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग उन्हाळ्यात बातमी आली. सरांची लेक पल्लवी बेंगळुरूला असते. तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी पल्लवीला प्रवास करू नका म्हणून सांगितलं. मग माहेरानंच तिच्याकडं जायचं, असं ठरलं.

ताईंचे गुडघे दुखतात. रेल्वेचा तो लांबचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. नांदेडहून विमान आहे, पण धाकट्या लेकाची कॉलेजची फी नुकतीच भरलेली. सरांना कार्डांवरचे पॉइंट आठवले. पॉइंटांवर तिकीट निघतं. त्यांनी सातही बँकांचं बघितलं. सगळीकडं थोडे थोडे, पुरेसे कुठंच नाहीत. सात रांजणांच्या तळाला पाणी, आणि तांब्या एकातही बुडत नाही!

ताईंनी सगळी कार्डं माझ्या कापायच्या टेबलावर पसरली. सर प्रत्येकाची थोरवी सांगायला लागले. हे हॉटेलात दहा टक्के देतं, ते सिनेमाला देतं.

"थांबा," ताई म्हणाल्या. "कार्ड काय देतं ते मागून. मागच्या महिन्यात आपला पैसा कुठं गेला ते सांगा."

किराणा, औषधं, लाइटबिल, पेट्रोल. हॉटेल नाही, सिनेमा नाही.

"मग या चारांवर जे जास्त देतं ते एक ठेवा. फोनला जोडा, म्हणजे रफिकभाईंकडं स्कॅन करून पण चालंल. ज्याला सालाची फी न्हाई असं एक अडीअडचणीला राहू द्या. बाकीची पाच कशाला पोसायलाव?"

सरांनी माझा खडू घेतला, टेबलावर अर्धा तास आकडे मांडले आणि मान वर केली. "उत्तर बरोबर आहे."

रफिकभाई म्हणाले, "सर, उद्यापासून ताईंना वर्गावर धाडा. तुमी घरी भाकरी थापा!"

*

कार्डं बंद करायला सरांनी माझ्या दुकानात आत बसून फोन लावला. एक मात्र खरं, सर बिल तारखेच्या आत पुरतं भरतात. त्यामुळे बंद करायला अडचण नव्हती. दहा मिनिटांनी हसत बाहेर आले.

"झालं बंद?"

"न्हाई. पण मामा, माझा रेकॉर्ड इतका चांगला आहे, बँकेतल्या बाई म्हणाल्या, की याच्यापेक्षा भारी कार्ड पाठवायल्यात!"

सातांची आठ झाली!

मग ताई शेजारी बसल्या आणि फोन स्पीकरवर ठेवला. सरांनी नाव, जन्मतारीख सांगितली. पलीकडची पोरगी पाठ केल्यासारखी सुरू झाली. ताईंनी मध्येच विचारलं, "बाई, दुपारचे तीन वाजले. जेवलीस का गं?"

पलीकडचं पाठांतर तुटलं. मग बारीक आवाज आला, "नाही मॅडम, अजून नाही."

"मग हे येवढं बंद कर आन् पहिलं जेवून घे."

दोन मिनिटांत काम झालं! बाकीच्या बँकांनाही असेच फोन लावले, आणि त्या दुपारी सहा कार्डं बंद झाली. पाच जुनी आणि एक अजून यायचं होतं ते.

*

बंद करायच्या आधी त्या पाचांवरचे उरलेसुरले पॉइंट सरांनी वापरून टाकले. चार कार्डांवर काहीच मिळालं नाही. पाचव्यावर प्रवासात मानेला लावायची उशी आली.

दुसऱ्या दिवशी ताई बाकड्यावर बसल्या तर उशी गुडघ्याला बांधलेली.

"अगं, ती मानेची आहे!" सर म्हणाले.

"मान कुठं दुखायलीय माझी?"

*

बंद झालेली कार्डं कापून टाकायची असतात. सरांनी टेबलावरची माझी कात्री उचलली. चाळीस वर्षांत माझा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"सर! कात्री खाली ठेवा!"

कापडाच्या कात्रीनं माझ्या बापानं कधी कागद कापू दिला नाही. प्लास्टिक तर लांबच राहिलं! सर इतके दचकले, की कात्रीला हात जोडले.

रफिकभाई दुकानात गेले आणि अडकित्ता घेऊन आले. कट्, कट्, कट्. पाच कार्डांची खांडं झाली.

"मुबारक हो सर! आपल्याकडं सुपारी फुटली की बोलणं पक्कं. आता फिरायचं न्हाई!"

*

ठेवलेल्या कार्डावर आता पॉइंट भराभर साचायला लागले, पण दिवस कमी होते. तेव्हा रफिकभाईंनी डोकं चालवलं. गल्लीतलं गिऱ्हाईक रोख पैसे काढायला लागलं की म्हणायचे, "पैसे सरांकडं द्या. सर, स्कॅन मारा!" कुणाची साखर, कुणाचं तेल, सगळं सरांच्या कार्डावर. रोख आली तशी सर त्याच संध्याकाळी बिलाला भरून टाकायचे. मला मशीनला मोटार बसवायची होती, दोन वर्षं टाळत होतो. तीही त्यांच्याच कार्डावर घेतली.

एक म्हातारी रफिकभाईंकडं आली. पाच रुपयांचा कापूर मागितला आणि सरांकडं वळून म्हणाली, "मास्तर, माझं बी घाला त्या विमानात."

*

शेवटी पॉइंट पुरले. एका तिकिटापुरते. सर म्हणाले, दुसरं मी विकत काढतो. ताई म्हणाल्या, बाळंतीण मी सांभाळायची, तुमी तिथं काय करणार? ताई तोवर परभणीच्या पुढंसुद्धा एकट्या गेल्या नव्हत्या.

सर त्यांना नांदेडच्या विमानतळावर सोडून आले. आत फक्त तिकीटवाल्याला सोडतात. सरांनी वहीच्या दोन पानांवर सूचना लिहून दिल्या होत्या. बोर्डिंग पास कुठं घ्यायचा, पट्टा कसा लावायचा, घाबरायला झालं तर काय करायचं. ती दोन पानं सरांच्याच खिशात राहिली. बाकड्यावर बसल्यावर त्यांना ती सापडली.

मग त्यांनी फोन बाकड्यावर मधोमध ठेवला. रफिकभाईंनी गिऱ्हाईक थांबवून ठेवलं. मी काजं करायला घेतली आणि तीनदा उसवली.

फोन वाजला. सर उचलायच्या आत रफिकभाईंनी स्पीकर लावला.

"पोचले हो," ताई म्हणाल्या. "पल्लवी दारातच उभी होती. तब्येत झ्याक हाय तिची."

"आन् तू? विमानात घाबरलीस का?" सरांनी विचारलं.

"मला कुठं सवड होती? शेजारी एक शहरातली पोरगी होती. पहिल्यांदाच बसलेली. विमान पळायला लागलं तशी रडायलाच लागली बिचारी. मी तिचा हात धरला आन् म्हणलं, डोळे मिट बाई, काही होत न्हाई. मी तर दर महिन्याला जाते!"