वाचल्याची पोच

विष्णुपुरीच्या कॉलेजात मी कार्यालयात कामाला होते. तिथं ईमेल नवाच आला होता. पाठवताना एका चौकोनात खूण केली की समोरच्यानं वाचल्याची पोच परत यायची. मला त्याचं भारी कौतुक. भूकंपाच्या वेळी लातूरकडच्या आत्याचा 'आम्ही खुशाल' हा निरोप एका ट्रकवाल्यानं आणला, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून जेवलो. मग कळलं, ट्रक भूकंपाच्या आदल्या संध्याकाळीच गावातून निघाला होता. निरोप पोचेपर्यंत आत्या ढिगाऱ्याखाली गेली होती. माणसांच्या निरोपावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला. यंत्र कशाला खोटं बोलेल, असं वाटायचं.

पुढं लेक बारावीला लातूरच्या क्लासला गेली, होस्टेलवर राहिली. एका रविवारी फोनवर रडत म्हणाली, "मम्मी, मला न्हाई जमत. घरी येऊ?" मी तोंड उघडायच्या आत फोन कटला. पुढचा फोन पुढच्या रविवारी, होस्टेलचा नियमच तसा; मधे फोन केला तरी पोरींना बोलावत नसत. सोमवारी कामावर गेल्या गेल्या मी होस्टेलच्या ईमेल पत्त्यावर तिच्या नावानं मेल केला : डॉक्टर नाही झालीस तरी चालेल, कधीही ये.

तासाभरात पोच आली. वाचलं.

उत्तर मात्र नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. नवरा म्हणाला, "वाचलंय ना? मग झालं." कसलं डोंबलाचं झालं! भाजीत मीठ कमी पडलं तरी भाषण देणारी पोर ती, वाचून गप्प बसेल? जिवाला नुसता घोर लागला. गुरुवारी पहाटेची एसटी धरली. अहमदपूरला ड्रायव्हरचा चहा काही संपेना. मनातल्या मनात त्याचा उद्धार केला.

होस्टेलच्या ऑफिसात कारकून शांतपणे म्हणाला, "हाव मॅडम, समद्यांचे मेल मीच उघडितो. उघडल्याबिगर प्रिंट कसं निघंल? लेकरांना रविवारी देतो, टेस्ट झाल्यावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरीला बोलवा. आत्ता!"

ती आली. डोळे सुजलेले. "फोनवर तू कायच बोलली न्हाईस, मम्मी. मला वाटलं, येऊ नको म्हणतीस."

"ये," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "आत्ता चल."

"परत म्हण."

परत म्हटलं. तिनं माझ्या पिशवीतलं धपाटं काढलं आणि उभ्याउभ्याच खाऊ लागली. घास तोंडात असतानाच म्हणाली, "बॅग भरायला वर चल. रविवारपासून जेवले न्हाई गं मी."