वाळत घातलेल्या निगेटिव्ह

आमच्या नात्यात कुणाला कॅमेरा घ्यायचा झाला की मला फोन येतो. "मावशी, कोणता घेऊ?" मी म्हणते, बाप्पा, कोणताही घे, पण काढलेले फोटो ठेवशील कुठे ते आधी सांग. कॅमेऱ्याची हौस सगळ्यांना, जपणुकीचं नाव काढलं की सगळ्यांना कामं आठवतात. आणि एक दिवस सगळं उडालं की माझ्याकडेच गळा काढायला येतात. मी रागावते. माझा राग घरात प्रसिद्ध आहे, पण तो कुठून आला हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही वर्ध्याचे. आमचे हे रेल्वेत सिग्नल खात्यात होते आणि बदली झाली ती थेट जयपूरला. तिथे आल्यावर पहिले काही महिने मला काही सुचेना. मग मिलिटरीतल्या एका साताऱ्याच्या कुटुंबाची बदली निघाली, त्यांनी सामान कमी करायला काढलं, त्यात एक जुना कॅमेरा होता. तो मी घेतला. यांनी विचारलं, "तुला काय करायचाय?" मी म्हटलं, "तुम्हाला सिग्नल कळतात, मला उजेड कळतो का ते बघते."

कळला. हळूहळू कळला. राजा पार्कात एक स्टुडिओवाले भैया होते, ते आधी हसले आणि मग शिकवत गेले. पुढे त्यांनी त्यांचा जुना एन्लार्जर, निगेटिव्हमधून उजेड पाडून फोटो मोठा करायचं यंत्र, तोही मला दिला. तो मी न्हाणीघरात पाटावर मांडला. खिडकीला जयपुरी रजई ठोकली. ती रजई दिसायला हलकी, पण दुपारी दोन वाजताचा जयपूरचा उजेड अडवायचा म्हणजे खायचं काम नाही. दुपदरी घातली तेव्हा कुठे अंधार झाला. सासूबाईंचं पत्र आलं, रजई उबदार आहे ना गं. मी लिहिलं, फार.

त्या गावाचं पाणी जड. फिल्म धुऊन वाळवली की वर पांढरे डाग उठायचे, आणि ते डाग मग प्रत्येक फोटोत माणसाच्या गालावर. म्हणून शेवटचं खळबळणं मी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात करायची, त्यात शांपूचा एक थेंब. उन्हाळ्यात आंधी आली की दारं लावून घ्यायची, ओल्या फिल्मवर धूळ बसली तर ती जन्मभराची. आणि कूलरच्या खोलीत कॅमेरा ठेवायचा नाही. आपल्याला गार वाटतं, भिंगाला बुरशी लागते. हे सगळं मी कॉलनीतल्या बायकांना सांगायची आणि त्या म्हणायच्या, ताई, तुमच्या कॅमेऱ्याचे लाड आमच्या पोरांपेक्षा जास्त हो.

सर्वांत मोठा नियम मात्र न्हाणीघरातला होता. एन्लार्जरचा दिवा लागला की त्या उजेडात कुणी हात घालायचा नाही. बघायला येणारी प्रत्येक बाई पाटावर उमटलेलं चित्र बघून बोट पुढे करायची, अगं बाई, ही तर मीच! की मी ओरडलेच, "हात मध्ये घालू नका!" आमचे हे बाहेरून म्हणायचे, "गाडी आली वाटतं."

शेजारच्या क्वार्टरमध्ये अकोल्याकडचं एक कुटुंब होतं. तो पॉइंट्समन, यार्डात रूळ बदलायची ड्युटी. ती माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यासमोर रोज ताजं फूल. एकुलती एक मुलगी, पाच-सहा वर्षांची, दिवसभर माझ्या ओट्यावर. तिची मराठी म्हणजे अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी. "काकू, मतलब माझा फोटो कधी काढता तुम्ही?" मी म्हणायची, तू आधी उभी राहा नीट. नीट उभं राहणं तिच्या पत्रिकेत नव्हतं. यार्डात बाप जसा हात वर करून इंजिन थांबवतो, तसा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हात वर करून थांबवायची. पोस्टमनला, दूधवाल्याला, गाईला. गाय सोडून सगळे थांबायचे.

एका हिवाळ्यात कॉलनीतले सगळे मराठी लोक कानोत्याला धरणावर सहलीला गेलो. तिथे मी तिचा आणि तिच्या आईचा फोटो काढला. आई दगडावर बसलेली, पोरगी शेजारी उभी. मी म्हटलं, "आता हलू नको." तशी तिने हात वर केला, पंजा सरळ माझ्याकडे, कॅमेऱ्याची गाडी थांबवायला. दुसऱ्या हातात कचोरी होती, नाहीतर दोन्ही वर गेले असते. मी चिडून म्हटलं, "हात खाली!" ती खदाखदा हसली आणि तेवढ्यात मी बटण दाबलं. तिचा नीट आलेला तोच एक फोटो. त्याआधीच्या सगळ्या फोटोंत ती हललेली होती.

सहलीनंतर थोड्याच दिवसांनी तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही. रेल्वेच्या दवाखान्यातच तिने डोळे मिटले. मी त्या दिवसांबद्दल जास्त लिहू शकत नाही. तिची आई रडली नाही आणि त्याचीच मला भीती वाटत होती. मग मी कानोत्याचा फोटो मोठा करून दिला, तो छातीशी धरून ती रडली. फ्रेम करून तिने तो बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवला. मी म्हटलं, अजून एक प्रत करते, गावाला आजीकडे पाठव. ती म्हणाली, "नेऊ ताई, दिवाळीला गेलो की नेऊ." मीही म्हटलं बरं, निगेटिव्ह माझ्या पेटीत आहे, ती काय कुठे पळून जातेय.

एक्याऐंशीच्या जुलैत माझी आई आजारी म्हणून मी वर्ध्याला होते. तेव्हा जयपुरात पाणी शिरलं. वाळवंटाच्या दाराशी असलेलं गाव, तिथे पूर येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आमची क्वार्टर्स सखल भागात, बैठी. घरात कंबरेएवढं पाणी. आमचे हे ड्युटीवर अडकलेले. शेजारची ती आणि तिचा नवरा जीव मुठीत धरून गच्चीवर गेले. पाणी उतरल्यावर खाली आले तर बुद्धाची तसबीर वर होती म्हणून वाचली, खालची फ्रेम चिखलात. फोटोचा लगदा झालेला.

मी आठवड्याभराने परतले. रिक्षातून उतरते न उतरते तोच ती धावत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, घरातलं सारं गेलं, पण तुमची पेटी म्या चिखलातून वाचवली. साऱ्या पट्ट्या वाळवल्या. एकही उडू देली नाही."

मी विचारलं, "कुठे वाळवल्या?"

ती मला गच्चीवर घेऊन गेली. कुरडया-पापड घालतो तसं जुनं लुगडं पसरलं होतं, त्यावर माझ्या निगेटिव्ह. ओळीने, एकमेकींना न चिकटता, एकेक वेगळी. आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक पट्टीवर एकेक खडा. नुसता खडा नाही, धुतलेला, गुळगुळीत, बघून-निवडून आणलेला. तीन दिवस ती तिथे राखणीला बसली होती म्हणे. स्वतःच्या घरातला चिखल तसाच होता.

ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. भिजलेली फिल्म उन्हात घालायची नसते. तिच्यावरचा थर पाण्याने फुगतो, उन्हाने मऊ होतो, आणि त्याला जे टेकेल ते त्याला धरतं. ओली निगेटिव्ह ओलीच ठेवायची, स्वच्छ पाण्याच्या बादलीत, आणि सावलीत टांगून वाळवायची. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं का? बॅटरीचं पाणी सांगितलं, कूलर सांगितला. पूर येईल हे कुणाला सांगणार? आणि वाळवण कसं घालायचं ते तर तिला तिच्या आईने शिकवलेलं. त्या रीतीत तिने कणभर कसूर केली नव्हती.

कानोत्याची पट्टी मी लगेच ओळखली. उचलली. तिच्यावरचा खडा पट्टीबरोबरच वर आला आणि मग सुटून पडला. मी पट्टी आभाळाकडे धरली. पोरीच्या चेहऱ्याच्या जागी एक गोल, स्वच्छ, आरपार भोक असावं तसा उजेड. चेहरा खड्याला चिकटून गेला होता. आईची बाजू पाण्याने विरघळून ओघळली होती. राहिला होता तो वर केलेला हात, मनगटापासून बोटांपर्यंत, अगदी धारदार.

माझा राग ठाऊक आहे ना? ओरडावंसं वाटलं, अगं, काय केलंस हे! पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पोळलेली कातडी, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर आशा. तिने विचारलं, "निघंन ना ताई, दुसरा फोटो?" मी म्हटलं, "पाण्याने बरंच नेलंय गं. बघते."

बघते म्हटलं आणि पंधरवडा टाळलं. खराब प्रिंट मी कधी कुणाला दिली नव्हती, माझा तो ताठा होता. पण खरं कारण ते नव्हतं. तो गोल तिला दाखवायची माझी छाती होत नव्हती. न्हाणीघर धुऊन झालं, एन्लार्जर पुसून, नवा दिवा घालून सुरू झाला, माझे बहाणे संपले. एका दुपारी ती स्वतःच आली. "ताई, जे राहिलं असंन ते दाखवा."

रजई ओढली. दिवा लावला. पाटावर पांढरा पुठ्ठा होता, त्यावर चित्र उमटलं. निगेटिव्ह म्हणजे सगळं उलटं, उजळ ते काळं. मध्ये तो पांढरा गोल लख्ख चमकला. शेजारी काळा, छोटा पंजा.

ती पाटाकडे वाकली. मग म्हणाली, "पाणी असं गोल नेते का ताई?"

"पाण्याचं काही सांगता येत नाही," मी म्हटलं.

"खडे म्या ठेवले होते."

अंधार होता म्हणून बरं. खोटं माझ्या ओठावर होतं, पण ते तिच्यापुढे टिकणारं नव्हतं. मी म्हटलं, "हो. आणि ते ठेवले नसतेस तर वारा सगळंच घेऊन गेला असता. हा हातही. हा तू राखलास."

तिने मान हलवली की नाही मला दिसलं नाही. मग ती म्हणाली, "खऱ्याएवढा होईन का? हात? जेवढा होता तेवढा?"

एन्लार्जरचं डोकं वर नेलं की चित्र मोठं होतं, खाली आणलं की लहान. पण खरा किती होता हे मला कुठे ठाऊक? "मला काय माहीत गं किती होता," मी म्हटलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "तिची बोटं माझ्या बोटाच्या या पेरापर्यंत यायची." आणि माप दाखवायला तिने आपला हात उजेडात घातला.

मी ओरडले नाही. जन्मात पहिल्यांदा.

तिचा पंजा पाटावर उताणा, त्यावर पोरीचा हात सावलीसारखा पडलेला. मी डोकं हळूहळू खाली आणत गेले, ती म्हणत गेली, अजून, अजून थोडं. बोटं तिच्या पेराशी आली तशी ती म्हणाली, "बस." मी खिट्टी आवळली. चित्र धूसर झालं होतं, ते भिंग फिरवून साफ केलं. तळहाताला तळहात लागला. पाच बोटांवर पाच बोटं.

आता हात काढ, म्हणजे कागद लावते, असं मी म्हणायला हवं होतं. तिने बोटं थोडी मिटली, कुणाचा हात धरतो तशी.

"ताई," ती म्हणाली, "लगेच बंद नका करू."

बाहेरून यांनी दार वाजवलं, चहाचं विचारलं. मी म्हटलं, "थांबा जरा." आणि दिवा चालू ठेवला.